दंतवैद्यांच्या पदवीनंतरच्या शिक्षणात आपण नेमके काय मोजतो?

पदवी मिळाल्यानंतर दंतवैद्य शिकतो कसा, आणि तो शिकला हे आपण कशावरून ठरवतो, या प्रश्नाची चिकित्सा या टिपणात करायची आहे. मी दंतवैद्य नाही. अभियांत्रिकी महाविद्यालयात मी मटेरियल सायन्स आणि कंट्रोल सिस्टिम्स हे दोन विषय शिकवतो. हा तिसरा विषय माझ्याकडे आला तो माझ्या डाव्या बाजूच्या खालच्या दाढेतून.

दोन वर्षांपूर्वी त्या दाढेचे रूट कॅनाल करताना मुळाच्या वळणावर फाइल तुटली आणि तिचा चार-एक मिलिमीटरचा तुकडा आत राहिला. डॉक्टर तरुण होते, बीडीएस झालेले, स्वतःचे छोटे क्लिनिक चालवणारे. त्यांनी लपवले नाही. लगेच एक्स-रे काढून पडद्यावर दाखवला. तुकडा ओढून काढायला गेलो तर मूळच जास्त कोरले जाईल, त्यापेक्षा त्याच्या बाजूने वाट काढून नलिका भरलेली बरी, असे समजावून सांगितले आणि तसेच केले. मी घरी निघताना त्यांच्याकडून त्या फाइलचा उरलेला दांडा मागून घेतला. त्यांना ते जरा विचित्र वाटले असावे.

कॉलेजातल्या सूक्ष्मदर्शकाखाली दांडा पाहिला. तुटलेल्या टोकाजवळचे पीळ जसेच्या तसे होते, उलगडलेले नव्हते, आणि तुटलेला पृष्ठभाग सपाट होता. आमच्या विषयाचा विद्यार्थी हे चित्र ओळखतो. पिळवटून तुटलेल्या फाइलचे पीळ तुटण्याच्या जागेपाशी सुटलेले दिसतात. पीळ शाबूत ठेवून सपाट तुटली, तर ती बहुधा थकून तुटली, म्हणजे वारंवार वाकून-सरळ होऊन. त्या एका दिवशी काही चुकले असे नाही. तिचे आयुष्य आधीच्या रुग्णांच्या दातांत खर्च होत आले होते.

पुढच्या भेटीत मी विचारले की ही फाइल याआधी किती वेळा वापरली होती. त्यांना सांगता आले नाही. नोंद ठेवलेली नव्हती. भिंतीवर मात्र प्रमाणपत्रांच्या चौकटी होत्या, आणि त्यांतली एक नेमकी याच यंत्रचलित फाइलींच्या दोन दिवसांच्या कार्यशाळेची होती. एका हॉटेलच्या सभागृहात पहिला दिवस व्याख्यानांचा, दुसऱ्या दिवशी प्रत्येकाला वाकडी नलिका कोरलेला प्लॅस्टिकचा ठोकळा, त्यावर मोटर चालवून पाहायची, मग जेवण आणि प्रमाणपत्र. नोंदणी टिकवण्यासाठी लागणारे सीडीई पॉइंट त्यांच्याकडे पुरेसे होते. नियमाप्रमाणे त्यांच्या शिक्षणात काहीही कमी नव्हते. इथूनच माझी तक्रार सुरू होते, आणि ती त्या डॉक्टरांविरुद्ध नाही.

पदवी आणि पुढचा रस्ता

भारतात दंतवैद्यकाचे पहिले महाविद्यालय डॉ. रफिउद्दीन अहमद यांनी १९२० मध्ये कलकत्त्यात काढले. त्याआधी ही विद्या प्रामुख्याने कुणाच्या तरी शेजारी उभे राहून शिकण्याची होती. १९४८ मध्ये दंतवैद्य कायदा झाला, १९४९ मध्ये डेंटल कौन्सिल आले, आणि नोंदणीकृत दंतवैद्य कोणाला म्हणायचे हे ठरले. आज बीडीएस पाच वर्षांचे आहे, त्यात शेवटचे वर्ष इंटर्नशिपचे. त्यापुढचे एमडीएस तीन वर्षांचे असून त्याच्या नऊ शाखा आहेत. देशात तीनशेहून अधिक दंत महाविद्यालये आहेत. बीडीएसच्या जागा दरवर्षी पंचवीस हजारांच्या वर, तर एमडीएसच्या सहा हजारांच्या आसपास.

या दोन आकड्यांतले अंतर विद्यार्थ्यांनी नीट पाहावे. साधारण चारांपैकी एकालाच एमडीएसची जागा मिळू शकते. बाकीचे तिघे पदवीनंतर जे काही नवे शिकतील ते विद्यापीठाबाहेर शिकतील. इम्प्लांट ही तर एमडीएसची स्वतंत्र शाखाही नाही. ती अनेक शाखांच्या अभ्यासक्रमात तुकड्यातुकड्याने येते, आणि क्लिनिक चालवणारा बीडीएस ती शनिवार-रविवारच्या कोर्सांतून शिकतो. तेव्हा 'निरंतर शिक्षण' म्हणजे पदवीवरचा साज नव्हे. बहुसंख्य दंतवैद्यांचे खरे पदव्युत्तर शिक्षण तेच असते.

डेंटल कौन्सिलने २००७ मध्ये या निरंतर शिक्षणाचे नियम केले. त्यांचा गाभा सोपा आहे: पाच वर्षांच्या मुदतीत ठरावीक पॉइंट मिळवायचे. पॉइंट मिळतात ते मान्यताप्राप्त व्याख्यान, परिषद, कार्यशाळा यांना हजर राहिल्याबद्दल. त्याआधी असा देशव्यापी नियमच नव्हता, हे लक्षात घेतले तर हे पाऊल मोठे होते. प्रश्न एवढाच की पॉइंट कशाला चिकटवले आहेत.

फाइलने काय शिकवायला हवे होते

इथे थोडे माझ्या विषयात जावे लागेल. दंतवैद्यकाच्या विद्यार्थ्यांनी हा भाग गाळू नये.

जुन्या फाइली स्टेनलेस स्टीलच्या आणि हाताने फिरवायच्या. १९८८ मध्ये वालिया, ब्रँटली आणि गर्स्टीन या तिघांनी दात सरळ करण्याच्या निकेल-टायटॅनियम तारेपासून फाइली बनवून पाहिल्या. त्या तेवढ्याच जाडीच्या स्टीलच्या फाइलीपेक्षा दोन ते तीन पट लवचिक निघाल्या, आणि पिळवटण्यालाही जास्त टिकल्या. हाच निटिनॉल. नावातले शेवटचे 'नॉल' हे अमेरिकेच्या ज्या नौदल प्रयोगशाळेत तो सापडला तिच्या आद्याक्षरांवरून आले. नव्वदच्या दशकात मोटरवर चालणाऱ्या निटिनॉल फाइली बाजारात आल्या. म्हणजे त्याआधी पदवी घेतलेल्या प्रत्येक दंतवैद्याला हे तंत्र पदवीनंतरच शिकावे लागले. निरंतर शिक्षणाची परीक्षा घ्यायला इतके स्वच्छ उदाहरण सहसा मिळत नाही.

आता गणित. वाकलेल्या तारेच्या बाहेरच्या कडेवर पडणारी विकृती म्हणजे ढोबळमानाने तारेचा व्यास भागिले वक्रतात्रिज्येची दुप्पट. वळणाची त्रिज्या ५ मिलिमीटर आणि तिथे फाइलची जाडी ०.५ मिलिमीटर असेल तर विकृती येते ०.५ ÷ १०, म्हणजे ५ टक्के. स्टील १ टक्क्याच्या आतच कायमचे वाकते. निटिनॉल सुमारे ८ टक्क्यांपर्यंत ताणून सोडले तरी परत येते, म्हणून ते अशा नलिकेत फिरू शकते. पण वळण तीव्र झाले आणि त्रिज्या २ मिलिमीटरवर आली, की ०.३ मिलिमीटर जाडीच्या बारीक फाइललाही ७.५ टक्के विकृती सोसावी लागते. सीमा अगदी हाताशी आली.

फाइल नलिकेत नुसती वाकत नाही, वाकलेल्या अवस्थेत फिरते. प्रत्येक फेऱ्यात तिच्या पृष्ठभागावरचा प्रत्येक बिंदू एकदा ताणला आणि एकदा दाबला जातो. मिनिटाला ३०० फेरे या गतीने १० सेकंदांत अशी ५० आवर्तने होतात. प्रुएट आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये हे मोजले. तुटेपर्यंतच्या आवर्तनांची संख्या गतीवर अवलंबून नसते. ती ठरते वळणाच्या त्रिज्येवर, कोनावर आणि फाइलच्या जाडीवर. गती वाढवली तर तेवढीच आवर्तने लवकर संपतात, इतकेच. म्हणून 'ही फाइल पाच दातांना वापरली' ही नोंददेखील अपुरी आहे. चार सरळ नलिका आणि एक तीव्र वळणाची, यांत त्या एकीनेच बहुतेक आयुष्य खाल्लेले असू शकते.

दुसरा मुद्दा मला जास्त महत्त्वाचा वाटतो. स्टीलची फाइल मोडण्याआधी बऱ्याचदा चुगली करते. तिचे पीळ उलगडतात, ती वाकडी राहते. म्हणून जुन्या शिक्षकांनी हाताला सवय लावली होती: दातात घालण्यापूर्वी फाइल डोळ्यांसमोर धरून पाहा. थकव्याने तुटणारी निटिनॉल फाइल पुष्कळदा काहीच दाखवत नाही. काल सरळ होती, आज सरळ आहे, आणि वळणावर तुटते. ही जुनी सवय पाळून सुरक्षित राहता येत नाही. तिच्या जागी मोजण्याची सवय यायला हवी: किती नलिका, किती वाकड्या, आणि टाकायची कधी.

कार्यशाळेने डॉक्टरांना मोटर कशी धरायची, टॉर्क किती ठेवायचा, फाइल नलिकेत किती वेळ ठेवायची हे शिकवले होते, आणि त्यांच्या बोलण्यावरून ते चांगलेच शिकवले असावे. मोजण्याची सवय मात्र शिकवली नाही. कारण विचारले तेव्हा ते हसले. शिकवणारे आणि मोटर, दोन्ही फाइल विकणाऱ्या कंपनीने आणलेले. बऱ्याच कंपन्यांच्या पाकिटावर फाइल एकाच रुग्णासाठी वापरा असे छापलेले असते. मग ती कितव्या वापरानंतर टाकायची हा प्रश्न सभागृहात अधिकृतपणे उद्भवतच नाही. इकडे छोट्या गावात रूट कॅनालचा जो दर रुग्ण देतो त्यात दरवेळी नवा संच बसत नाही, म्हणून फाइली निर्जंतुक करून पुन्हा वापरल्या जातात. हे सगळ्यांना ठाऊक असते आणि कुणी बोलत नाही. परिणामी सर्वांत धोक्याचा निर्णय डॉक्टर एकट्याने, अंदाजाने, स्वतःच्या क्लिनिकमध्ये घ्यायला शिकतो. कंपनीने खोटे शिकवले असे मी म्हणत नाही. तिने स्वतःच्या प्रश्नाचे उत्तर शिकवले, डॉक्टरांचा प्रश्न वेगळा होता.

टाकी आणि पंप

कंट्रोल सिस्टिम्सच्या पहिल्या तासाला मी गच्चीवरच्या टाकीचे उदाहरण देतो. टाकी भरली का हे कळायला दोन मार्ग आहेत. एक, पंप किती वेळ चालू होता ते पाहायचे. दोन, टाकीत तरंगता बोंडा सोडून पाण्याची पातळी पाहायची. पहिल्याला आम्ही ओपन लूप म्हणतो, दुसऱ्याला क्लोज्ड लूप. वीज, विहिरीतले पाणी आणि पाइप सगळे ठीक असेल तर पहिला मार्गही चालतो. पाइपला गळती असेल तर पंप तासभर चालतो, नोंदवहीत तास पडतो, आणि टाकी कोरडी.

सीडीई पॉइंट पंपाचे तास मोजतात. पाइपला गळती आहे का, हा प्रश्न अनुभवाने तपासण्यासारखा आहे आणि तो तपासला गेला आहे. १९९९ मध्ये डेव्हिस आणि सहकाऱ्यांनी डॉक्टरांच्या निरंतर शिक्षणाचे प्रयोग एकत्र पाहून निष्कर्ष काढला की नुसत्या व्याख्यानाने डॉक्टरांच्या कामात फरक पडलेला दिसत नाही. चर्चा, सराव, प्रत्यक्ष करून पाहणे असलेल्या सत्रांनी पडू शकतो. फोर्सेटलुंड आणि सहकाऱ्यांच्या २००९ च्या कॉक्रेन समीक्षेत शैक्षणिक सभांनंतर अपेक्षित पद्धतीने वागण्याच्या प्रमाणात मध्यक वाढ सुमारे ६ टक्के निघाली. शून्य नाही, हे लक्षात घ्या. पण त्याच समीक्षेत आणखी एक वाक्यभर निष्कर्ष आहे: वागणूक गुंतागुंतीची असेल तिथे अशा सभा परिणामकारक ठरल्याचे दिसत नाही. वाकड्या नलिकेत हात चालवणे आणि फाइल कधी टाकायची ते ठरवणे, याला साधी वागणूक म्हणता येणार नाही.

शिक्षणशास्त्राच्या विद्यार्थ्यांना मिलरचा १९९० चा पिरॅमिड परिचित असेल: माहीत असणे, कसे करायचे ते माहीत असणे, करून दाखवता येणे आणि प्रत्यक्ष कामात करणे. हजेरीचा पॉइंट यांतल्या सर्वांत खालच्या पायरीचीही खात्री देत नाही. माणूस सभागृहात होता, एवढेच तो सांगतो.

हे लिहिताना मला माझी स्वतःची फाइल आठवते, म्हणजे कागदांची. अभियांत्रिकीच्या शिक्षकांनाही पदोन्नतीसाठी प्रशिक्षण कार्यक्रमांची प्रमाणपत्रे जमवावी लागतात. एका ऑनलाइन कार्यक्रमाचे पाच दिवस मी कॅमेरा बंद ठेवून उत्तरपत्रिका तपासत काढले, शेवटी दहा प्रश्नांची चाचणी दुसऱ्या प्रयत्नात सोडवली आणि प्रमाणपत्र घेतले. ते आजही माझ्या फाइलीत आहे. त्या कार्यक्रमाने माझ्या शिकवण्यात काडीचा फरक पडला नाही, आणि तो पडला का हे मला कुणी विचारलेही नाही. दंतवैद्यांना नावे ठेवण्याच्या स्थितीत मी नाही.

ब्रिटनने काय केले

ब्रिटनच्या जनरल डेंटल कौन्सिलने २०१८ मध्ये आपली पद्धत बदलली. त्याआधी दंतवैद्याला पाच वर्षांत २५० तास दाखवावे लागत आणि त्यांपैकी ७५ तास पुराव्यानिशी. आता पुराव्यानिशी १०० तास, दर दोन सलग वर्षांत निदान १० तास, आणि त्यासोबत स्वतःचा लेखी विकास-आराखडा: मला काय शिकायला हवे, का, आणि शिकल्यावर माझ्या कामात काय बदलले. एकूण तास कमी केले आणि विचार करण्याची सक्ती वाढवली. दिशा बरोबर आहे असे मला वाटते.

पण बोंडा अजूनही टाकीत पोचलेला नाही. आराखडा दंतवैद्य स्वतः लिहितो, आणि स्वतःला काय येत नाही हे ओळखण्याची आपली क्षमताच कमकुवत असते. डेव्हिस आणि सहकाऱ्यांच्या २००६ च्या समीक्षेत डॉक्टरांचे स्वतःविषयीचे मत आणि बाहेरून केलेले मोजमाप यांचा मेळ बहुतेक ठिकाणी बसला नाही. कसब सर्वांत कमी आणि आत्मविश्वास सर्वांत जास्त असलेल्यांच्या बाबतीत तर सर्वांत कमी बसला. माझ्या डॉक्टरांनी त्या वर्षी असा आराखडा लिहिला असता तर त्यांनी 'इम्प्लांट' लिहिले असते. 'फाइल कधी टाकायची' असे लिहायला ती आपली उणीव आहे हे आधी कळायला हवे होते.

एमडीएसमध्ये जे घडते

एका दंत महाविद्यालयात एमडीएसच्या विद्यार्थ्यांपुढे धातूंच्या थकव्यावर बोलायला मला एकदा बोलावले होते. व्याख्यानानंतर त्यांच्या विभागात तासभर बसलो. एका विद्यार्थिनीने काम केलेल्या दाताचा एक्स-रे तिच्या गाईडनी प्रकाशासमोर धरला, नलिकेचे भरण मुळाच्या टोकापासून जरा अलीकडेच थांबले होते, आणि मॅडम एवढेच म्हणाल्या, "काढ आणि पुन्हा कर." तिने पुन्हा केले. रुग्ण खुर्चीवर होता, चूक ताजी होती, आणि दुरुस्त करण्याची वेळ हातातली होती. तीन वर्षे रोज असे होत राहणे हेच त्या पदवीचे खरे द्रव्य आहे. नऊ शाखांची नावे, प्रबंध, परीक्षा हे सगळे त्याभोवतीचे वेष्टन.

तिथलेही सगळे सोन्याचे नसते. त्याच विभागात एकाने तीन महिन्यांच्या केसच्या नोंदी एका संध्याकाळी बसून वहीत उतरवताना मी पाहिला. जिथे संख्या मागाल तिथे संख्या तयार होते. तरी एमडीएसचा विद्यार्थी आणि शनिवार-रविवारचा विद्यार्थी यांत फरक आहे तो तासांचा कमी आणि त्या "पुन्हा कर"चा जास्त.

उशिरा येणारा निकाल

मग प्रत्येक कार्यशाळेत ठोकळ्यांऐवजी काढलेले खरे दात द्या, मार्गदर्शक वाढवा, झाले, असे कुणी म्हणेल. ते करावेच. पण रूट कॅनालची एक अडचण त्याने सुटत नाही. काम चांगले झाले की नाही हे त्या दिवशी पूर्ण कळतच नाही. मुळाच्या टोकाशी असलेला जंतुसंसर्ग बरा होतो आहे की वाढतो आहे हे एक्स-रेवर दिसायला महिने लागतात. युरोपियन सोसायटी ऑफ एंडोडोंटॉलॉजीच्या २००६ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये निदान एक वर्षाने तपासणी करावी, आणि गरज पडल्यास चार वर्षांपर्यंत पाहत राहावे, असे आहे.

कंट्रोलच्या भाषेत हा डेड टाइम. नळ फिरवल्यावर गरम पाणी यायला वेळ लागत असेल तर आपण नळ जास्तच फिरवतो आणि मग हात भाजतो. रूट कॅनालमध्ये त्याहून वाईट होते, कारण पुष्कळदा पाणी आपल्यापर्यंत येतच नाही. ज्याचा दात पुन्हा दुखला तो रुग्ण त्याच डॉक्टरकडे परत जाईल असे नाही. तो दुसरीकडे जातो, दात काढून घेतो, आणि पहिल्या डॉक्टरच्या दप्तरात ती केस यशस्वी म्हणून पडून राहते. परत न आलेला रुग्ण बरा झाला असे धरण्याची सवय प्रत्येक क्लिनिकला असते. वीस वर्षांचा अनुभव अशा रीतीने वीस वर्षांचा आत्मविश्वास देऊ शकतो आणि कसब एका वर्षाचेच राहू शकते. निरंतर शिक्षणाने भरून काढायची सर्वांत मोठी पोकळी मला ही दिसते, आणि तिच्यासाठी कोणत्याही सभागृहाची गरज नाही.

काय करता येईल आणि अडते कुठे

माझी सूचना लहान आहे. पॉइंटांचा काही वाटा हजेरीऐवजी पाच सलग केसच्या तपासणीला द्यावा. सलग हा शब्द महत्त्वाचा. निवडून आणलेल्या पाच केस सगळ्यांच्याच सुंदर असतात. प्रत्येक केसचा आधीचा, नंतरचा आणि वर्षानंतरचा एक्स-रे, नावे काढून, दुसऱ्या गावातल्या एका दंतवैद्याने पाहायचा आणि त्याच्या केस याने पाहायच्या. डिजिटल एक्स-रे आता छोट्या क्लिनिकांतही आहेत, त्यामुळे पाठवणे कठीण नाही. जो रुग्ण वर्षाने आलाच नाही त्याच्यापुढे 'माहीत नाही' असे लिहायचे, 'यशस्वी' नाही. शेजारी फाइलींची वही, कोणती किती नलिकांना आणि कशा वळणाच्या.

व्याख्याने बंद करा असे यात कुठेही नाही. निर्जंतुकीकरणाचे नवे नियम, एक्स-रेची सुरक्षितता, खुर्चीवर रुग्णाला भोवळ आली तर पहिल्या दोन मिनिटांत काय करायचे, यांतला बराच भाग सांगून कळतो, आणि सभागृहात शंभर जणांना एकदम सांगणे स्वस्तही पडते.

दोन आक्षेप येतील. पहिला खर्चाचा: लाखो नोंदणीकृत दंतवैद्यांच्या केस तपासणार कोण? म्हणूनच अदलाबदल सुचवली, निरीक्षक नव्हे. अदलाबदलीत ओळखीचे एकमेकांना सांभाळून घेतील हे खरे. तरी सांभाळून घेण्यासाठीसुद्धा एक्स-रे पाहावा लागतो.

दुसरा आक्षेप खरा अवघड आहे, आणि मी बोललेल्या प्रत्येक दंतवैद्याने तोच काढला. इंडियन मेडिकल असोसिएशन विरुद्ध व्ही. पी. शांता या १९९५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्याखाली आणली. रुग्णाच्या बाजूने पाहता ते योग्यच होते. तुकडा माझ्या दाढेत आहे, मला तरी तसे वाटते. पण आपल्या चुकांची व्यवस्थित वही ठेवणारा दंतवैद्य उद्या तीच वही आपल्याविरुद्ध आयोगापुढे आली तर काय, ही भीती बाळगतो. शिकण्यासाठीची नोंद आणि शिक्षेसाठीचा पुरावा यांच्यात कायद्याने भिंत घातल्याशिवाय कुणी प्रामाणिक वही लिहिणार नाही, आणि ती भिंत इतकी उंचही नको की तिच्याआड निष्काळजीपणा लपेल. ही उंची किती असावी हे मला ठरवता आलेले नाही. विधी शाखेचे जे विद्यार्थी हे वाचत असतील त्यांनी याचा विचार करून पाहावा.

संसदेने २०२३ मध्ये राष्ट्रीय दंत आयोग कायदा मंजूर केला. १९४८ च्या कायद्याची जागा त्याने घ्यावी अशी योजना आहे. त्यात शिक्षणासाठी, महाविद्यालयांच्या मूल्यांकनासाठी आणि नीती व नोंदणीसाठी अशी तीन वेगवेगळी मंडळे आहेत, शिवाय पदवीच्या शेवटी राष्ट्रीय परीक्षा. चर्चा बहुतेक त्या परीक्षेचीच ऐकू येते. पण परीक्षा दाराशी असते आणि माणूस घरात चाळीस वर्षे राहतो. फाइल तुटली ती परीक्षेनंतर सहा वर्षांनी.

गेल्या वर्षी ठरल्याप्रमाणे मी तपासणीला गेलो. डॉक्टरांनी नवा एक्स-रे काढला, जुना शेजारी लावला, आणि आम्ही दोघांनी पाहिले: मुळाच्या टोकाशी असलेली काळसर सावली जवळजवळ गेली होती, तुकडा जिथल्या तिथे. खुर्चीशेजारच्या कपाटावर एक शाळेची शंभर पानी वही होती, पेनाने आखलेले रकाने, फाइलचा क्रमांक, नलिका, वळण. वर्षाने बोलावलेल्यांपैकी किती परत आले असे मी विचारले. त्यांनी वहीचे मागचे पान उघडून दाखवले: अठ्ठावीसपैकी अकरा.